लेकीने शंभर वर्षांचं लाकडी घर घ्यावं का?

वाचकहो, मागच्या अंकात मी अटलांटातल्या आमच्या जुन्या घराबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. मी तिथे अकरा वर्षं राहिले, त्यातली नऊ इनमन पार्क नावाच्या वस्तीत, डाउनटाउनपासून तीनेक किलोमीटरवर, आणि आता परत ठाण्यातल्या आपल्या चरईत आहे. एका पत्राचं उत्तर फार लांबलंय, पण त्यातलं काही कापावंसं वाटलं नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही नौपाड्यात घंटाळीच्या मागे राहतो, पंचेचाळीस वर्षं झाली. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, सह्या झाल्या, आता भाड्याचं घर शोधतोय. आणि नेमकं आत्ताच लेक सांगतेय की अटलांटात इनमन पार्क म्हणून डाउनटाउनला लागून जुना भाग आहे, तिथे ते दोघं १९१० सालचं लाकडी घर बघतायत. सध्या अटलांटाबाहेर अल्फारेटाला आहेत, नवीन कॉम्प्लेक्स, पूल आहे, शेजारपाजार सगळा आपल्या लोकांचा. जावयांचं ऑफिस मिडटाउनला, रोजचे दोन तास गाडीत जातात म्हणे. आमचे हे म्हणतात, इथे आपण जुन्यातून नव्यात जायला धडपडतोय आणि ही पोरं नव्यातून जुन्यात चाललीत. नात दोन वर्षांची आहे. लाकडी घर शंभर वर्षं टिकतं का हो? आणि आम्ही तिकडे गेलो की आमचं काय? तुम्ही तिला जरा समजावून सांगाल का? – एक आई, नौपाडा

उत्तर : काकू, समजवायचं म्हणाल तर मी लेकीच्याच बाजूने बोलणार हे आधीच सांगून टाकते. पण एक अट आहे आणि ती तिला माझ्या नावाने सांगा. सही करायच्या आधी कोणीतरी त्या घराच्या खाली सरपटत जाऊन बघितलं पाहिजे.

खाली म्हणजे अक्षरशः खाली. तिकडची जुनी घरं आपल्यासारखी भरलेल्या जोत्यावर नसतात, विटांच्या खांबांवर उभी असतात आणि खालची माती नि घराची फळ्यांची जमीन यांच्यामध्ये दोन-अडीच फुटांची पोकळी असते, तिला क्रॉल स्पेस म्हणतात. आमचं घर घेताना इन्स्पेक्टर आत शिरला तेव्हा मीही त्याच्या मागे गेले, अंगात जुना रेनकोट, हातात टॉर्च, गुडघे नि कोपरं टेकत. आत मातीचा ओला वास, आपल्याकडे खारकर आळीत आजीच्या घरी लाकडांच्या खोलीत यायचा तसाच. त्याने एका खांबावर टॉर्च मारला, तिथे पेन्सिलीएवढी जाड मातीची एक रेघ विटांवरून वर चढून थेट तुळईपर्यंत गेलेली. वाळवीची वाट. त्याने स्क्रूड्रायव्हरने तुळई टोचली, दोन ठिकाणी टणक लागली आणि तिसऱ्या ठिकाणी दांडा मुठीपर्यंत आत गेला. वरती हॉलमध्ये त्याच जागी इतकी सुंदर पॉलिश केलेली जमीन होती की मी आदल्या दिवशी तिथे उभी राहून कोच कुठे ठेवायचा ते ठरवत होते.

आम्ही तरी ते घर घेतलं, कारण बाकीची तुळई धड होती. त्या काळचं लाकूड म्हणजे जुन्या जंगलातल्या पाइनच्या गाभ्याचं, सावकाश वाढलेल्या झाडांचं, त्याला हार्ट पाइन म्हणतात आणि त्यात खिळा ठोकायला गेलात तर खिळा वाकतो. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हो, लाकडी घर शंभर काय सव्वाशे वर्षंही टिकतं, फक्त खालून कोरडं राहिलं पाहिजे आणि वाळवीवर नजर पाहिजे. जॉर्जिया राज्यात वाळवी इतकी की त्यासाठी टर्माइट बाँड म्हणून वर्षाचा करार करतात, कंपनीचा माणूस दरवर्षी येऊन तपासतो. तिला सांगा, करार घेताना नीट वाच, काही बाँडमध्ये फक्त पुन्हा औषध मारून देतात आणि काहींत झालेलं नुकसानही भरून देतात, दोन्हीला बाँडच म्हणतात. आमच्या आधीच्या मालकांकडे पहिल्या प्रकारचा होता. ती सडलेली तुळई बदलायचा खर्च शेवटी आमच्या खिशातून गेला, आणि ज्या कॉन्ट्रॅक्टरने आधी त्यावर नुसती फळी ठोकून रंग मारला होता त्याचा पत्ताही लागला नाही.

दुसरं, नातीसाठी, आणि हे मी जास्त कळकळीने सांगतेय. अमेरिकेत घरात वापरायच्या रंगात शिसं घालायला १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरात जुन्या थरांमध्ये शिसं असणारच असं धरून चालायचं. विकणाऱ्याला माहीत असेल तर सांगायचं कायद्याने बंधन आहे, पण 'माहीत नाही' असं लिहूनही देता येतं, म्हणून आपण स्वतः टेस्ट करून घ्यायची. भिंतीवरचा धड रंग फारसा त्रास देत नाही, खरा त्रास खिडक्यांचा. त्या घरांच्या खिडक्या वर-खाली सरकतात, चौकटीच्या आत दोरीला लोखंडी वजन टांगलेलं असतं म्हणून हलक्या हाताने उघडतात, फार छान युक्ती आहे, पण प्रत्येक वेळी लाकडावर लाकूड घासतं आणि जुन्या रंगाची बारीक पूड खालच्या पट्टीवर पडते. दोन वर्षांचं मूल नेमकं तिथेच हात टेकून बाहेर बघतं आणि मग तोच हात तोंडात घालतं. म्हणून राहायला जायच्या आधीच खिडक्यांचं काम करून घ्या म्हणावं, आणि शिशाच्या कामाचं सर्टिफिकेट असलेल्या माणसाकडूनच. काम चालू असताना नातीला घेऊन तिथे जायचं नाही, नुसतं बघायलासुद्धा नाही.

बाकी तपासण्या थोडक्यात सांगते. गटाराच्या पाइपात कॅमेरा घालून बघायचा, कारण जुने पाइप भाजलेल्या मातीचे असतात आणि झाडांची मुळं सांध्यातून आत शिरतात. माळ्यावर चिनी मातीच्या गुंड्यांवरून ओढलेल्या जुन्या वायरी उरल्यात का ते बघायचं, असतील तर बऱ्याच इन्शुरन्स कंपन्या पॉलिसीच देत नाहीत. आणि आवारात मोठा वॉटर ओक असेल तर झाडांच्या जाणकाराला दाखवायचा. ही झाडं वस्ती वसली त्या सुमाराची, त्यांचं आयुष्यही तेवढंच, वादळात छपरावर येतात. पण झाड मनाने तोडता येत नाही, शहराची परवानगी लागते. जमिनीला थोडा उतार असतोच, आमच्या ओट्यावर ठेवलेलं लिंबू घरंगळत सिंककडे जायचं, त्याला घाबरायचं नाही, उतार दरवर्षी वाढत असेल तरच घाबरायचं.

आता परवानगीवरून. इनमन पार्कचं नाव ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत १९७३ मध्ये लागलं, पण त्या यादीने घरमालकावर काही बंधन येत नाही, तो मान आहे. बंधन येतं ते शहराने स्वतः हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट जाहीर केल्यामुळे, आणि इनमन पार्क तसंही आहे. म्हणजे घराच्या बाहेरच्या अंगात काही बदलायचं तर अर्बन डिझाइन कमिशनकडून सर्टिफिकेट घ्यावं लागतं, कुंपण, पुढची खिडकी, नवीन खोली, सगळ्याला. आत किचन कसंही करा, ते विचारत नाहीत. पण रस्त्याकडे तोंड करून असलेली लाकडी खिडकी काढून प्लास्टिकची लावतो म्हणाल तर नाही म्हणतील. मला सुरुवातीला फार राग यायचा, आपल्या पैशाने घेतलेलं घर आणि विचारायचं कोणाला. मग दोन वर्षांनी मी स्वतःच एका सुनावणीला गेले, समोरच्या कोपऱ्यावर बुटकं घर पाडून मोठं बांधायचं चाललं होतं तेव्हा, आणि तिथे बोलताना मला कळलं की घराचा पुढचा चेहरा मालकाइतकाच गल्लीचाही असतो. जावयांना हे आधी पटलेलं पाहिजे. पटत नसेल तर त्यांनी अल्फारेटाच बरं.

आणि तुम्ही तिकडे गेलात की तुमचं काय, खरं तर याचसाठी मी लेकीच्या बाजूने आहे. काकू, तुम्ही अल्फारेटाला राहून आला असाल तर सकाळी पोरं ऑफिसला गेल्यावर काय होतं ते तुम्हाला माहितीय. गाडी नाही तर भाजीही नाही, देऊळही नाही, माणूसही नाही. इनमन पार्कमध्ये तुम्ही चप्पल घालून बाहेर पडू शकता! ती वस्तीच मुळात चालत जायच्या हिशेबाने आखलीय. जोएल हर्ट नावाच्या इंजिनिअरने १८८९ मध्ये डाउनटाउनपासून इथपर्यंत इलेक्ट्रिक ट्राम आणली, अटलांटातली पहिली, आणि त्या ट्रामच्या शेवटाला ही वस्ती वसवली. ट्रामची जुनी शेड एजवूड अव्हेन्यूवर अजून उभी आहे. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून गाडी आली आणि मग स्टेशनभोवतीचं ठाणं वाढत गेलं, तसंच, रुळांनी घडवलेली गल्ली ही पायी चालण्याजोगी असते. पुढे मोटारी आल्या, पैसेवाले उत्तरेकडे सरकले, कोका-कोलावाल्या एसा कँडलरने बांधलेल्या वाड्याच्या त्या वस्तीत मोठमोठ्या घरांच्या खोल्या पाडून भाड्याने दिल्या गेल्या, छपरं गळायला लागली. १९६९ मध्ये रॉबर्ट ग्रिग्ज नावाच्या डिझायनरने त्यातलं एक मोडकळीला आलेलं घर विकत घेऊन दुरुस्त केलं आणि तिथून लोक हळूहळू परत यायला लागले.

सकाळी फिरायला बेल्टलाइन आहे, जुन्या मालगाडीच्या मार्गावर केलेला पायरस्ता, इनमन पार्कहून पीडमाँट पार्कपर्यंतचा तुकडा २०१२ मध्ये सुरू झाला, साधारण साडेतीन किलोमीटर. तलावपाळीला फेऱ्या मारायची सवय असलेल्या माणसाला तिथे करमतं. जावई त्यावरून सायकलने मिडटाउनला जाऊ शकतील. मार्टाची मेट्रो आहे, फाइव्ह पॉइंट्सला गाडी बदलली की थेट एअरपोर्ट. फक्त फुटपाथवर खाली बघून चाला, सिमेंटच्या षटकोनी लाद्या असतात आणि ओकच्या मुळांनी त्या उचकटल्यात, माझ्या सासूबाईंचा पाय तिथेच मुरगळला होता.

आणि ओटा. त्या प्रत्येक घराला पुढे ओसरी असते, पोर्च म्हणतात, त्यावर झोपाळा किंवा दोन खुर्च्या. संध्याकाळी लोक येऊन बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतात. मी पहिल्या आठवड्यात तिथे शेंगा सोलत बसले होते, तर समोरच्या आजी रस्ता ओलांडून आल्या, काय करतेयस विचारलं, आणि बसल्या सोलायला. त्यांच्या गावाकडे ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खातात. आपणही खातो म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी पातेलं भरून घेऊन आल्या. नऊ वर्षं त्या बाईंनी माझी पोस्ट सांभाळली, माझ्या मुलाला शाळेच्या बसमधून उतरवून घेतलं. अल्फारेटाला आपली माणसं आहेत हे खरंय, गणपतीला, दिवाळीला ती लागतात, आणि तिकडे गाडीने जाता येतंच. पण रोजच्या दिवसाला शेजार लागतो.

एक शेवटचं, लेकीला म्हणा घराच्या टॅक्सची होमस्टेड सूट आठवणीने घे. १ जानेवारीला त्या घरात स्वतः राहत असाल तर त्या वर्षी १ एप्रिलच्या आत अर्ज करावा लागतो. आमचं पहिलं वर्ष यात हुकलं.

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला राहतो, जॉर्जिया स्टेटला एमएसला ॲडमिशन मिळालीय. कॉलेज डाउनटाउनमध्ये आहे. सीनियर म्हणतात लांब अपार्टमेंटमध्ये चौघं मिळून राहा, स्वस्त पडतं. मला जुन्या वस्तीत खोली घेऊन राहायचंय, गाडी घेणं परवडणार नाही. सेफ आहे का? – एक विद्यार्थी

उत्तर : अरे, गाडी घेणार नसशील तर मेट्रोच्या स्टेशनपासून दहा मिनिटं चालण्यावर खोली बघ, बाकी सगळं नंतर. इनमन पार्क-रेनल्ड्सटाउन स्टेशनहून जॉर्जिया स्टेट दुसरं स्टेशन, मध्ये फक्त किंग मेमोरियल. तू ऐरोलीहून ठाण्याला जातोस त्याहूनही जवळ समज. अख्खं घर तुला परवडणार नाही, पण त्या जुन्या घरांच्या मागे गॅरेजवर एक खोली काढलेली असते, किंवा माळ्यावर, तशा खोल्या भाड्याने देतात. त्या जाहिरातीत कमी आणि तोंडी जास्त कळतात, म्हणून पहिला महिना कुठेतरी काढ आणि मग पायी फिरून शोध. मालक त्याच आवारात राहत असेल तर उत्तम, नळ गळला तर त्याच दिवशी येतो.

रेल्वेलाइनच्या पलीकडे कॅबेजटाउन आहे तेही बघ, कापडगिरणीच्या कामगारांची छोटी छोटी घरं, एकामागे एक खोल्या, आपल्या गिरणगावातल्या माणसाला लगेच ओळखीचं वाटेल. मोठ्या गिरणीचे आता लॉफ्ट म्हणजे उंच छताचे फ्लॅट झालेत, ते महाग आहेत. मधल्या बोगद्याच्या भिंती चित्रांनी भरलेल्या असतात, बघण्यासारखा आहे, पण रात्री उशिरा एकटा त्यातून जाऊ नको.

सेफ्टीचं खरं सांगते, तिथे एरियापेक्षा गल्ली बघावी लागते, एक गल्ली छान आणि दोन गल्ल्या सोडून रात्री दिवा नाही. खोली घेण्याआधी ती संध्याकाळी सातला आणि रात्री अकराला, दोन्ही वेळा बघ. आमच्याकडे कुणी अंगावर आल्याचं नऊ वर्षांत झालं नाही, पण गाडीची काच फोडून बॅग नेल्याचं दोनदा झालं आणि ओसरीवरची पार्सलं तर कितीदा गेली. पार्सल कॉलेजच्या पत्त्यावर मागवता येतं का विचारून ठेव. जून ते सप्टेंबर आपल्यासारखाच घाम, एसी चालतो ना बघून घे. जानेवारीत पारा शून्याच्या खाली गेला की मालक सांगेल रात्री नळ बारीक चालू ठेव, ते ऐक, नाहीतर जमिनीखालचे पाइप फुटतात. मार्चच्या शेवटी पाइनचे पिवळे परागकण सगळ्या गाड्यांवर हळद सांडल्यासारखे पडतात, शिंका येत असतील तर गोळ्या आधीच आणून ठेव.

प्रश्न : मुलाला अटलांटातल्या ओल्ड फोर्थ वॉर्डमध्ये फ्लॅट मिळतोय. न्यू जर्सीचे आमचे नातेवाईक म्हणतात, ती काळ्यांची जुनी वस्ती, अजिबात घेऊ देऊ नका. मुलगा म्हणतो तुम्हाला कळत नाही. आम्ही काय करावं? – एक वडील, वाशी

उत्तर : काका, मुलाचं बरोबर आहे, आणि नातेवाइकांचं मला वाचूनच वाईट वाटलं. ते कुठल्या वस्तीबद्दल बोलतायत ते सांगते. त्या वॉर्डात ऑबर्न अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे, त्यावर ५०१ नंबरच्या दुमजली घरात १५ जानेवारी १९२९ ला मार्टिन ल्यूथर किंग जन्मले. थोडं पुढे एबेनेझर चर्च, तिथे त्यांचे आजोबा, वडील आणि ते स्वतः असे तिघेही धर्मोपदेशक होते. ज्या काळात काळ्या माणसाला गोऱ्यांच्या बँकेत आणि हॉटेलात दारातूनच परत पाठवायचे त्या काळात या रस्त्यावर काळ्या लोकांनी स्वतःच्या विमा कंपन्या, बँका, वर्तमानपत्रं उभी केली. १९५९ मध्ये किंग भारतात आले तेव्हा मुंबईत मणिभवनात राहिले होते, आणि आज त्यांच्या स्मारकाच्या आवारात गांधीजींचा पुतळा आहे. तुमचा मुलगा तिथून रोज चालत जाईल.

त्या वस्तीने सोसलंही फार. १९१७ च्या मे महिन्यात आग लागली, जवळजवळ तीनशे एकरांवरची घरं जळाली आणि दहा हजारांच्या आसपास माणसं रस्त्यावर आली. पुढे हायवे आणला तो थेट ऑबर्न अव्हेन्यूला मधोमध कापत, दुकानं बसली, लोक पांगले. मग वस्ती 'खराब' झाली म्हणायला हायवे आणणारेच मोकळे. म्हणून 'काळ्यांची जुनी वस्ती' हे वाक्य कुणी नाक मुरडून म्हटलं की मला राग येतो.

आता परिस्थिती उलटी आहे आणि मुलाने खरं तर याचा विचार करायला हवा. १९२६ च्या एका अवाढव्य जुन्या गोदामाचं पाँस सिटी मार्केट झालंय, त्याच्याजवळ पावसाचं पाणी साठवायला तळं खोदून त्याभोवती पार्क केलंय, बेल्टलाइन बाजूनेच जाते, आणि या सगळ्यामुळे भाडी इतकी चढली की पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली काळी कुटुंबं बाहेर पडतायत. मुलगा गेला म्हणून ते थांबणार नाही आणि न गेल्यानेही थांबणार नाही. पण गेला तर शेजाऱ्यासारखा राहू दे. अटलांटात १९७४ पासून प्रत्येक भागाची नेबरहुड प्लॅनिंग युनिट असते, मेनार्ड जॅक्सन महापौर असताना सुरू झाली, दर महिन्याला मीटिंग होते आणि तिथे राहणारा कोणीही जाऊन बसू शकतो, नागरिक असायला लागत नाही. बिल्डरचे प्रस्ताव, दारूची लायसन्स, सगळं तिथे आधी येतं. त्याला म्हणावं पहिल्या महिन्यात जा, मागे बस, बोलू नको, त्या भागात साठ-सत्तर वर्षं काढलेल्या बायका काय बोलतात ते ऐक. मी माझ्या भागाच्या मीटिंगमध्ये जे शिकले ते कुठल्या ऑफिसात शिकले नाही.

फ्लॅट पसंत असेल तर घेऊ दे काका, आणि पुढच्या वर्षी जाऊन राहून या.

प्रश्न : तुम्ही मागे लिहिलं होतं की तिथल्या लोकांनी हायवे थांबवला. ते कसं? आमच्या आळीत तीनच कौलारू घरं उरलीत, त्यातलं एक आमचं, तेही यंदा जाणार. तिकडे जमतं मग ठाण्यात का नाही जमत? – एक वाचक, उथळसर

उत्तर : हायवेचं असं झालं. साठच्या दशकात राज्याने इनमन पार्कच्या कडेने मोठा हायवे आखला आणि जमीन ताब्यात घेऊन शेकडो घरं पाडलीसुद्धा. राहिलेले लोक कोर्टात गेले, दारोदार फिरले, सत्तरच्या दशकात गव्हर्नर जिमी कार्टर यांनी तो प्रकल्प थांबवला. मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुढे पुन्हा रस्ता आखला गेला, आणि यावेळी तो खुद्द कार्टर यांच्याच स्मारक-ग्रंथालयाकडे जाणार होता, तरी लोक पुन्हा उभे राहिले, बुलडोझरपुढे बसले, अटक करून घेतली. १९९१ मध्ये तडजोड झाली, छोटा रस्ता आणि त्याभोवती मोठं उद्यान. आज तिथे फ्रीडम पार्क आहे. वकिलाचे पैसे लोकांनी वर्गणी काढून भरले. वस्तीचा एक उत्सवही आहे, १९७२ पासून दर एप्रिलच्या शेवटच्या शनिवार-रविवारी, लोक आपली घरं तिकीट लावून दाखवतात, मिरवणूक निघते, पाडव्याला कौपीनेश्वरापासून निघते तशीच घरची वाटणारी. आमचं घर दोन वर्षं त्यात होतं.

ठाण्यात का नाही, याचा मी खूप विचार केलाय, आणि लोकांना दोष देऊन चालणार नाही. तिकडे त्या घरात राहणारा बहुतेक वेळा मालक असतो, छप्पर गळलं तर त्याचंच गळतं. आपल्याकडे जुन्या वाड्यात आणि चाळीत राहणारा पागडीचा भाडेकरू, भाडं इतकं कमी की मालक त्यात एक वासा बदलू शकत नाही, आणि भाडेकरू म्हणतो माझ्या नावावर नाही तर मी का खर्च करू, दोघांचंही बरोबर आणि मध्ये भिंत फुगते. त्यात शेवटच्या खोलीत सहा माणसं आणि संडास सामायिक. त्यांना मी कौलं जपा म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? नौपाड्याच्या काकूंनी सह्या केल्या ते योग्यच केलं, त्यांना लिफ्ट हवीय आणि ती मिळायला हवी.

पण सगळंच जायला हवं असंही नाही ना. कौपीनेश्वराचं देऊळ, तलावपाळीजवळचं पोर्तुगीजांच्या काळातलं चर्च, १८७९ चं सिनेगॉग, १८९३ मध्ये सुरू झालेलं आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय, ही सगळी नावं अर्ध्या-पाऊण तासाच्या चालण्यात येतात, आणि इतक्या जवळ इतक्या तऱ्हांचा इतिहास मी अटलांटात कुठेच बघितला नाही. मला वाईट याचं वाटतं की त्यांच्या मधल्या आळ्या कशा होत्या हे दहा वर्षांनी कुणाला सांगता येणार नाही.

तुमच्या घराचं म्हणाल तर ते जायच्या आधी एवढं करा. एक रविवार काढून टेप घेऊन खोली-खोली मापून साधा नकाशा काढा, ओटा किती उंच, माजघर किती बाय किती, जिना कुठून. मोबाइलवर फोटो काढा, पण नुसते पुढून नको, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, खुंट्या, कोनाडे, जवळून. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला प्रत्येक खोलीत उभं करून तिथे काय व्हायचं ते बोलायला लावा आणि रेकॉर्ड करा. सागाचे दरवाजे भंगारवाला मागेल त्या भावात देऊ नका, नवीन फ्लॅटच्या आतल्या दाराला चौकट कमी करून बसतात, मी चरईत बसवलाय. आणि सोसायटीच्या करारात आळीचं जुनं नाव बिल्डिंगला राहील असं आत्ताच लिहून घ्या, बिल्डरला त्याने काही फरक पडत नाही आणि नंतर कुणी ऐकत नाही.

कौलं उतरवायला माणसं येतील त्या दिवशी मात्र स्वतः थांबा. मंगलोरी कौल असेल तर पालथं करून बघा, कारखान्याचा शिक्का असतो, कधी नाव, कधी चिन्ह. एक धड कौल बाजूला ठेवा, धुवून त्या शिक्क्याचा फोटो काढा आणि मला पाठवा. आमच्या आजीच्या घरचं एकही उरलं नाही, तुमचं तसंच निघालं तर मला ते बघायचंय.